चारचा भाव

द्वारका गेली ते मला सव्वाचारला कळलं.

मोसंबीच्या बागेत होतो. चारला मोबाईल चालू केला. आधी भाव आला. शेजारच्या वावरात पुंजाराम होता, त्याला ओरडून सांगितलं, "चढला रे!" मग लागोपाठ तीन मेसेज आले. तिन्ही द्वारकाचे, कोरे.

बायकोला तिच्या फोनवर अक्षरं टाकता येत नव्हती. कोरा मेसेज म्हणजे घरी या, असं आमचं ठरलेलं. वेळ बघितली. दोन दहा, दोन पंधरा, दोन पंचवीस. मी पळालो. दारात शेजारची गोजरबाई बसली होती. म्हणाली, "भाऊ, तुमचा फोन बंदच की वो."

तेव्हा वडीगोद्रीत अर्धा दिवस लाईट नसायची. अंबडचा अडत्या मोसंबीचा भाव सगळ्यांना एकदमच पाठवायचा, अकराला आणि चारला. जुना फोन चालू ठेवला तर बॅटरी दिवसात संपायची. मी त्या दोन वेळीच दहा-दहा मिनिटं चालू करायचो. आठवडा पुरायची. ही युक्ती गावात सांगत फिरायचो.

"बंदच ठेवायचा तं घेतला कशाला?" द्वारका म्हणायची. "खुंटीला टांगा."

"भाव अकराला अन् चारला येतो. मधात त्यानं जागून काय करायचं?"

"अन् मधात मी बलावलं तं?"

"चारला कळंल की."

"बरं. माझं बी काम घड्याळ बघून निघंल मंग."

डॉक्टर म्हणाले, छातीचं दुखणं, नेमकी कधी गेली सांगता येत नाही. गोजरबाई ताक द्यायला गेली तेव्हा साडेतीन झाले होते.

माझ्या फोनात दहाच मेसेज मावतात. सात भाव, तीन तिचे. दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर वर पाकिटाचं चित्र लुकलुकत होतं, म्हणजे जागा नाही, मेसेज बाहेर थांबलाय. दुकानवाला देवानंद म्हणाला, "मामा, एक जुना भाव पुसा, बराबर आत येतो. भावच असंल, दुसरं काय?"

असेल. पण तिचा चौथा असला, आणि त्यावर तीनची वेळ असली, तर? म्हणजे तोवर ती जिवंत होती, वाट बघत होती.

आता फोन रात्रंदिवस चालू असतो. भाव येत नाही, पुंजारामला विचारतो. दुपारी सव्वादोनला हात आपोआप खिशात जातो. पाकीट लुकलुकत असतं.

एक भाव पुसायचा अजून राहिला आहे.