पडदेवाल्या आत्याचं दार

फ्लॅटमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या आत्याने पर्समधून टेप काढली आणि खिडकीला लावली. सवय, दुसरं काय. लोकांच्या खिडक्या मोजण्यात तिची उमर गेली होती. खिडकी दिसली की डोकं काही म्हणायच्या आत हात टेपकडे जायचा. किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत उभ्या असलेल्या एजंटने ते पाहिलं आणि त्याचा जो समज व्हायचा तो झाला.

"मावशी, पडद्यांची घाई नको. आधी फ्लॅट तर विकला जाऊ दे. मग नवीन मालक बघतील."

"तेच तर बघतेय मी," आत्या म्हणाली. "बेडरूम कुठंय?"

एजंटच्या किल्ल्या फिरायच्या थांबल्या.

त्याचं तरी काय चुकलं म्हणा. हा भाग कसला, तर रुंद फुटपाथ, दाट सावली, फाटकाफाटकाला वॉचमन आणि कुत्री फिरवायलासुद्धा पगारी माणसं. इथे आत्या आजवर आली ती सामानाच्या लिफ्टने, स्टुलावर चढून पडदे टांगायला. निम्म्या घरांचे पडदे तिच्याच कारखान्यात शिवलेले होते. हॉटेलांची कामं मिळाल्यापासून तिच्या हाताखाली डझनभर बायका होत्या आणि त्याही तिला आत्याच म्हणायच्या. पैशांचं तिने आणि बँकेने आपसांत मिटवलं होतं, त्यात आपण नाक खुपसायचं कारण नाही.

फ्लॅट अगदी वरच्या मजल्यावर होता. लिफ्ट एक मजला आधीच हात टेकायची, पुढचा जिना पायांनी चढायचा. डोक्यावर पाण्याची टाकी, ती भरताना घरघर ऐकू यायची. एजंटने गॅलरीतून दिसणारं आभाळ दाखवलं, स्वयंपाकघरातला गुळगुळीत ओटा दाखवला. आत्याचं लक्ष बेडरूमच्या दारावर होतं. जाड लाकडाचं, पितळी मुठीचं दार. तिने ते उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. शेवटी थोडं अडकत होतं, खांदा द्यावा लागत होता.

"रंधा मारून देऊ," एजंट म्हणाला.

"राहू दे. मला चालेल."

चालणारच होतं. आत्याला आजवर दारच मिळालं नव्हतं. आईवडील गेल्यावर दादाने तिला आपल्या घरी आणलं, तेव्हा ती कॉलेजात होती. घर लहान. दादाने हॉलच्या कोपऱ्यात एक तार बांधली आणि आत्याने पडदा शिवला. तिच्या आयुष्यातला तो पहिला पडदा. थोड्या दिवसांची सोय म्हणून बांधलेली ती तार अजून तशीच होती, पडदे तेवढे बदलत गेले. पडद्याआड आत्याचा पलंग, आणि पलंगाखाली अख्ख्या घराचं सामान. सकाळी वहिनी इस्त्रीच्या कपड्यांसाठी आत यायची, पुतण्या मोज्यांसाठी, दादा चष्म्यासाठी. आत्या साडी नेसतेय की डोकं दुखतंय म्हणून पडलीय, याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. कुणाच्या मनात खोट होती असंही नाही. माणसं चांगली होती, आणि तीच तर पंचाईत होती. वाईट माणसांशी भांडता तरी येतं.

या वेळी मात्र आत्याने मनाशी पक्कं केलं होतं. रविवारी संध्याकाळी येऊन टोकनचा चेक देते, असं तिने एजंटला सांगितलं. दुसरं एक गिऱ्हाईक टपून बसलेलं होतं. आत्याने चेक दिला नाही तर ते लगेच व्यवहार करणार होतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण आनंद पोटात राहीना, म्हणून तिने घरी सांगितलं. रविवारी सगळं कुटुंब फ्लॅट बघायला हजर.

जिना चढून वहिनीला धाप लागली, पण घर बघून ती हरखली. "आत्या, नशीब काढलंस गं," असं म्हणून तिने कौतुकाने आत्याच्या गालावरून हात फिरवला. मग पदर खोचला आणि नुसत्या बोलण्याने घर लावायला घेतलं. फ्रिज इथे, शिवणयंत्र गॅलरीत, सासूबाईंचं जुनं कपाट त्या भिंतीला. पुतण्याचं लग्न ठरलं होतं. तो बेडरूममध्ये गेला आणि पावलं टाकत लांबी मोजायला लागला.

"डबल बेड बसतोय," तो आतून म्हणाला. "कपाटही बसेल."

"बसणारच," वहिनी म्हणाली. "नव्या नवरानवरीला स्वतंत्र खोली हवीच. आणि आत्या असेल सोबतीला, आम्हाला काळजी नाही."

"आणि मी कुठे?" आत्याने विचारलं.

"अगं हॉल एवढा मोठा आहे की. तुला हॉलची सवयच आहे."

"एक पडदा लावला की झालं," दादा हसून म्हणाला. "तोही तुझ्याच हातचा. बाहेर शोधायला नको."

एरवी असा घास ती मुकाट गिळायची. आताही शब्द ओठांवर आला होता, 'बरं.' एवढं म्हटलं असतं तर सगळे खूश झाले असते, आणि ती मरेपर्यंत पडद्याआड राहिली असती. दाराशी एजंट घड्याळाकडे बघत उभा होता. आत्याने 'बरं' आत ढकललं.

"बेडरूम माझी," ती म्हणाली. "हे घर मी माझ्या एकटीसाठी घेतेय."

पुतण्याची पावलं थांबली. वहिनीने कमरेचा पदर सोडला.

"आम्ही तुला कधी परकं मानलं का गं?"

"कधीच नाही, वहिनी. म्हणून तर कुणी विचारून आत आलं नाही."

वहिनीचे डोळे भरून आले. आत्यालाही भरून येत होतं, पण आज तिने माघार घेतली नाही. पुतण्याला तिने लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं. त्याच्याकडे वळून ती म्हणाली, "तुझ्या घराचे सगळे पडदे मी शिवून देईन. पण घर तू शोध. हे दार मला हवंय."

तो खाली मान घालून बाहेर आला.

"पण मला एक कळत नाही," दादा म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं. "एकटीच राहणार, तर बेडरूमला दार कशाला? लावणार कुणासाठी?"

"कुणी असो वा नसो. मला लावायचंय."

एवढं बोलून ती बेडरूममध्ये गेली आणि दार ओढून घेतलं. ते अडकलं. तिने खांदा दिला, तेव्हा ते चौकटीत घट्ट बसलं.

खोलीत काहीच नव्हतं. पलंग नाही, खुर्ची नाही, आणि पलंगाखाली कुणाचं सामानही नाही. आत्या बराच वेळ नुसती उभी राहिली. मग तिने पर्समधून चेकबुक काढलं आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून लिहायला घेतलं. शाई फुटू नये म्हणून डोळे दोनदा पुसावे लागले.

बाहेर कुजबुज चालली होती. मग दादाची पावलं दाराशी आली. नुसत्या चालण्यावरून तिला घरातला माणूस ओळखता यायचा, पडद्याआड राहून एवढी विद्या तिला आली होती. मूठ अर्धी फिरली आणि आत्या ताठ झाली. आता तो आत येणार. आजवर तो असाच आत आला होता.

मूठ परत फिरली. मग दारावर हलकेच टकटक झाली.

पडद्यावर टकटक करता येत नाही. आत्याने तो आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला, निदान स्वतःसाठी तरी.

"कोण?" तिने विचारलं.

"मी आहे. दादा." त्याने घसा खाकरला. "आत येऊ का?"

आत्याने सही पुरी केली आणि पेनला टोपण लावलं.

"थांब जरा," ती म्हणाली.

आणि दादा थांबला.