घरचे दाखले

मुलीने इस्त्रीचे टोक जांभळ्या कापडाच्या झालरीपाशी नेले, जरा मागे घेतले आणि झालर न चुरगळता कोपरा सपाट केला. वेदीवर अंथरायचे हे कापड वर्षातून दोनदाच पेटीबाहेर निघे, एकदा नाताळाआधीच्या आगमनकाळाला आणि एकदा ईस्टरआधीच्या उपवासकाळाला. आजवर ते आईच काढायची, आईच इस्त्री करायची. आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते. उद्या आगमनकाळाचा पहिला रविवार, म्हणजे चर्चच्या वर्षाचा पहिला दिवस, म्हणून मुलगी शुक्रवारीच माहेरी आली होती.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पाळक बसले होते. समोर बायबल, कोरे कागद आणि निवून साय धरलेला चहा.

लूथरन उपासनेत रविवारचे पाठ आधीच ठरलेले असतात. मनात येईल ते वचन पाळकाला उचलता येत नाही. तीन वर्षांनी तोच पाठ फिरून समोर येतो, आणि मंडळीत कुणी ना कुणी मागचा उपदेश लक्षात ठेवून बसलेला असतो. पाठ जुना, म्हणून दाखला तरी नवा हवा. पाळक तो घरातून आणत. हरवलेल्या मेंढराच्या रविवारी त्यांनी मुलगी लहानपणी बाजारात हरवली होती ती हकिकत सांगितली. घरकामात गुंतून पडलेल्या मार्थेच्या पाठाला बायकोच्या हातून करपलेले दूध सांगितले. त्यानंतर कितीतरी दिवस दुकानात बायका तिला विचारत, ‘काय पाळकीणबाई, आज दूध सांभाळलं ना?’ मंडळी हसायची, डोळे पुसायची. पाळकांच्या घरी कप फुटला की रविवारी चर्चमध्ये आवाज येतो, असे लोक गमतीने म्हणत. पाळकांना ते आवडायचे.

“उद्याचा पाठ जागं राहण्याचा आहे,” पाळक म्हणाले. “घरधनी परदेशी गेलाय आणि नोकरांनी झोपायचं नाही, तो.”

“माहीत आहे.”

“आईच्या शेवटच्या दिवसाचं सांगावं म्हणतो. रात्रभर मी तिच्या उशाशी खुर्चीत बसलो होतो. पहाटे जरा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा...” त्यांनी चष्मा काढून कागदावर ठेवला. “माझीच चूक सांगणार आहे. दुसऱ्या कुणाची नाही. ऐकून लोकांना बळ येईल.”

मुलीने इस्त्री उभी करून ठेवली.

“नका सांगू, बाबा.”

“का गं? मी स्वतःला सोडत नाहीये त्यात.”

“त्या खोलीत आईपण होती. ती तुमच्या एकट्याची गोष्ट नाही.”

“बेटा, तुला आत्ता तसं वाटतंय.” पाळकांचा आवाज आपोआप मऊ झाला. दुःखाच्या घरी जाऊन बसले की ते याच आवाजात बोलत. “पण आई असती ना, तर तिनेच म्हटलं असतं की सांगा.”

मुलीने भिंतीवरचे बटण बंद केले. तापलेल्या कापडाचा वास खोलीभर होता. बोलावे की नाही, याचा तिने थोडा वेळ विचार केला असावा, कारण बोलली तेव्हा ती इस्त्रीच्या वायरीची गुंडाळी करत होती.

“आईला काखेतली गाठ तुम्हाला सांगितलं त्या दिवशी नव्हती कळली. त्याच्या खूप आधी, उपवासकाळातच कळली होती.”

पाळकांनी मान वर केली.

“मला फोन केला होता तिने. म्हणाली, बाबांना बोलू नकोस, रविवारी येईल.”

“काय रविवारी येईल?”

“गाठ.”

बाहेर कुणाची तरी मोटार सुरू होत नव्हती. दोनतीनदा घरघरली आणि गप्प झाली.

“मी तुझ्या आईबद्दल व्यासपीठावरून कधी वावगा शब्द काढला नाही,” पाळक म्हणाले.

“वावगा नाही हो. चांगलंच बोलला असता तुम्ही. तीच तर धास्ती होती तिला. सगळं चर्च रडलं असतं, मग दारात एकेका बाईने तिचे हात धरले असते. ती म्हणाली, मला आधी एकटीला घाबरून घेऊ दे. ईस्टर होऊ दे, मग सांगू. ईस्टर झाला, तर म्हणाली, पेंटेकॉस्ट होऊ दे. मी चिडले तिच्यावर. मीच सांगते बाबांना, म्हटलं. तर म्हणाली, मग तुलाही यापुढे काही सांगायची नाही मी.”

“म्हणून तू गप्प राहिलीस.”

“राहिले.” झालरीवर मेणाचा एक जुना थेंब वाळला होता, तो ती नखाने खरवडू लागली. “त्याचं माझं मी बघते. ते तुमच्यावर नाही टाकत.”

पाळकांनी चष्मा उचलला, पण डोळ्यांवर लावला नाही. ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टचे लाल कापड पेटीत गेले की पुढे कितीतरी रविवार हिरवे असतात. अशाच एका हिरव्या रविवारच्या आदल्या दिवशी ते पाणी प्यायला स्वयंपाकघरात आले होते. बायको हिरव्या कापडाला इस्त्री करत होती, पण डाव्या हाताने. उजवा हात तिने पोटाशी धरला होता. ‘हे काय नवीन?’ असे त्यांनी विचारलेही होते. ‘उजव्यानेच का म्हणून राबायचं? डाव्यालाही जरा शिकवते,’ ती म्हणाली होती. ते हसले होते, पेला तसाच हातात घेऊन आपल्या खोलीत गेले होते आणि बसल्या बसल्या ते वाक्य उतरवून घेतले होते. दुसऱ्या दिवशी मंडळीला सांगितले होते: माझी बायको या वयात डाव्या हाताने इस्त्री करायला शिकते आहे, आणि आपण म्हणतो, प्रभूच्या सेवेचं आता आमचं वय राहिलं नाही. चर्चभर हशा उठला होता. दुसऱ्या बाकावर बसलेली ती आधी गीतांच्या पुस्तकात पाहत राहिली, मग तीही हसली. उपदेश छान झाला होता. त्या दिवशी त्यांना जेवणही चांगले गेले होते.

“डाव्या हाताचं,” पाळक म्हणाले.

“सांगितलं होतं तिने मला,” मुलगी म्हणाली. “फोनवर हसत होती.”

तिने कापडाची दोन टोके धरली. पाळक उठले, त्यांनी उरलेली दोन धरली. दोघांनी मिळून घडी घातली. ती घालताना चारदा त्यांना एकमेकांच्या जवळ यावे लागले, आणि चारही वेळा दोघे कापडाकडेच पाहत होते.

रविवारी पाळकांनी पाठ वाचला आणि उपदेश केला. द्वारपाल म्हणजे कोण, त्या काळी रात्रीचे प्रहर कसे मोजत, पहारा म्हणजे काय, हे सगळे त्यांनी नीट समजावून सांगितले. मधल्या बाकांवर खोकल्याची साथ आल्यासारखे झाले. कुणाचे तरी गीतांचे पुस्तक खाली पडले. उपदेश इतका लवकर संपला की ऑर्गनवाल्या बाई पाने उलटत राहिल्या आणि मंडळी उगाच उभी राहिली.

उपासना झाल्यावर पाळक दारात उभे राहून हस्तांदोलन करत होते. निवृत्त शिक्षिका असलेल्या एक वृद्ध बाई त्यांच्यापाशी थांबल्या.

“आज घरचं काही आलं नाही, पाळकसाहेब.”

“नाही.”

“बरोबर आहे. अजून ताजं आहे ना सगळं.” त्यांनी पाळकांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “सावकाश सांगा. आम्ही कुठे जातोय? आम्ही आहोत ऐकायला.”

“हो,” पाळक म्हणाले. बाईंचे हात उबदार होते आणि ते सुटायला बराच वेळ लागला.

दुपारी मुलीला पोहोचवायला ते बसथांब्यावर गेले. बॅग त्यांनीच उचलली होती. ती नको म्हणाली नाही. थांब्यावर दुसरे कुणी नव्हते.

शुक्रवारी ती आली तेव्हाच त्यांना दिसले होते की तिच्या बोटात लग्नाची अंगठी नाही. अंगठीच्या जागी नुसता फिकट पट्टा होता. जावईबापू का आले नाहीत असे त्यांनी त्याच दिवशी विचारले होते, तर कामात आहे म्हणाली होती. पुढचे कसे काढून घ्यायचे ते पाळकांना कळत होते. उभा जन्म त्यांनी ते केले होते. थोडे थांबायचे, आवाज उतरवायचा, प्रश्न अर्धाच विचारायचा. समोरचा माणूस उरलेला अर्धा स्वतः पुरा करतो आणि मग थांबत नाही. त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. तिने हात कोटाच्या खिशात घातला.

“काही विचारायचंय, बाबा?”

“नाही... खिडकीची जागा मिळेल ना?”

“मिळेल.”

तिने त्यांच्याकडे पाहिले. तिला हायसे वाटले की आणखी काही हवे होते, हे त्यांना ओळखता आले नाही.

“फोन करीन,” ती म्हणाली.

“कर. काही सांगितलं नाहीस तरी चालेल. नुसता कर.”

बस आली. तिला जागा मिळाली, पण पलीकडच्या बाजूची. काचेतून तिच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसला, आणि बस कोपऱ्यावरून वळली.

रस्ता मोकळा झाला. तेवढ्यात, न बोलावता, पाळकांच्या मनात एक वाक्य येऊन उभे राहिले: एक बाप मुलीला बसवर पोहोचवायला गेला, आणि जो प्रश्न घेऊन तो गेला होता तो सोडून त्याने भलताच विचारला. पुढचा रविवार योहानाचा होता, अरण्यात घोषणा करणाऱ्याचा. वाक्य तिथे नेमके बसत होते.

पाळकांनी दुसरीकडे लक्ष वळवले. समोरच्या बंद दुकानाची पाटी वाचली. थांब्यावरचे वेळापत्रक वरपासून खालपर्यंत वाचले. वाक्य हलले नाही. त्याला दुसरे येऊन जोडले गेले, मग तिसरे. आणि तिसरे तर फारच चांगले होते.