डाव्या टायरचा आळ बेबीबाईवर

मी आता जे सांगणार आहे त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही. बसलाच, तर मलाच संशय येईल. पण मित्रांनो, माझ्यासारख्या गोल माणसाला खोटं लपवायला कोपराच नसतो, एवढं ध्यानात ठेवा आणि ऐका. मी एक जुना टायर आहे. असातसा नव्हे. रनाळ्याच्या हिलालच्या मालवाहू पिकअपचा पुढचा, डावा टायर.

माझा जन्म झाला तेव्हा कारखान्यातली सगळी यंत्रं घटकाभर थांबली होती. काही जण म्हणतात वीज गेली होती. म्हणोत. साच्यातून निघालो तेव्हा माझ्या अंगावरची नक्षी इतकी खोल होती, की एका कामगाराचं पेन त्यात पडलं ते अजून सापडलेलं नाही. हिलालने मला गाडीला बसवलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, बेबीबाईने हळदकुंकू लावलं. बेबीबाई म्हणजे हिलालची बायको. लिंबावरून जाताना मी मुद्दाम हळू गेलो, रस तिच्या पातळावर उडू नये म्हणून.

दोन वर्षं मी असा धावलो की बघत राहावं. ओल्या मिरचीची पोती, केळीचे घड, लग्नाचं वऱ्हाड, सगळं माझ्या पाठीवर. एकदा तर तापीच्या पुलावर गर्दी होती म्हणून मी गाडी पाण्यावरूनच नेणार होतो, पण हिलाल भित्रा. "मन्हं टायर म्हंजे लोखंड शे," असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा, आणि मी उन्हात उभा राहून ऐकायचो. तेव्हा माझी दोन्ही अंगं सारखी होती, मित्रांनो. आतली कड आणि बाहेरची कड एका वयाच्या बहिणी दिसायच्या.

मग ती काठी गावची होळी आली. राजवाडी होळी पहाटे पेटते, ती बघायला हिलालने गाडीभर माणसं सातपुड्यात नेली. बेबीबाई घरीच होती, तिच्या मिरच्या तोडणीला आल्या होत्या. सकाळी घाट उतरताना मागची माणसं एकमेकांच्या खांद्यावर पेंगत होती, आणि हिलालही त्यांच्याच पंगतीला बसला. गाडी कडेच्या दगडावर चढली. धाड आवाज झाला, तो पार नर्मदेपर्यंत गेला असेल. "खड्डा व्हता," हिलाल म्हणाला. मागची माणसं पुन्हा पेंगायला लागली. पण दगडावर मी चढलो होतो. दगड कोणता आणि खड्डा कोणता हे मला कुणी शिकवायला नको.

पुढच्या दोन चाकांना जोडणारी एक दांडी असते, ती त्या दिवशी वाकली. दांडी वाकली की चाकांची नजर फिरते. मी बघतोय कपाशीच्या शेताकडे, उजवा बघतोय रेल्वेच्या रुळाकडे, आणि गाडी म्हणतेय सरळ चला. याला चालणं म्हणत नाहीत, मित्रांनो, याला फरपटणं म्हणतात. मी दिवसभर आतल्या कडेने घासत राहिलो. रनाळे ते नंदुरबार रस्ता काळा दिसतो तो डांबरामुळे, असं तुम्हांला वाटत असेल. ते माझं रबर आहे.

आतली कड गुळगुळीत गोटा झाली. बाहेरची मात्र तशीच, नवी कोरी. शेवटी शेवटी बाहेरची कड आतल्या कडेला आजी म्हणायला लागली. आणि हिलाल बघायचा फक्त बाहेरून. लाथ मारायची, खुश व्हायचं, निघायचं. मी घुंघुं करून ओरडलो, तर त्याने गाण्यांचा आवाज वाढवला. मी स्टेअरिंग थरथरवलं, तर त्याने लिंबू-मिरची बांधली. गाडीत पोत्यांनी मिरची, आणि वर तिला नजर लागू नये म्हणून आणखी मिरची. डोकं फुटायची वेळ आली, पण मला डोकं नाही.

अखेर एकदा पंक्चर काढताना त्याला आतली कड दिसली. शेजारी दगा नाना बसले होते. दगा नाना म्हणजे गावातला असा माणूस, की विहिरीपासून विमानापर्यंत त्यांना सगळ्यातलं कळतं आणि बाजाराला जायला त्यांना नेहमी कुणाची तरी गाडी लागते.

नानांनी माझ्यावरून बोट फिरवलं. "हिलाल, वजन कोठे पडस ते देख. डावी बाजूले कोण बसस?"

हिलालने ओट्यावर बसलेल्या बेबीबाईकडे पाहिलं; गाडीत डावीकडे नेहमी तीच बसायची. बेबीबाई अंगाने भरलेली, हे खरं. पण हिलालला काठीचा दगड चांगला आठवत होता. नुसतं "मी आपटी दिन्ही" एवढं म्हणायचं होतं. तेही म्हणाला नाही. खाली मान घालून पाना शोधत बसला. पाना त्याच्या हातातच होता.

"मंग गाडी लिधी तव्हयच सांगनं व्हतं," बेबीबाई म्हणाली, "बायको तोलीसन बसाडनी शे म्हनीसन."

झालं. दुसऱ्या दिवसापासून बेबीबाई मागे, मिरचीच्या पोत्यांवर. ऊन डोक्यावर, तिखट वारा नाकात, नंदुरबार येईपर्यंत शिंकून शिंकून डोळे लाल. आणि पुढे, तिच्या डाव्या जागेवर कोण? दगा नाना. मी खालून बघतोय. नाना बसले तसा मी दोन बोटं आणखी दबलो. आता सांगा, कुणाच्या वजनाला कुणाचं नाव?

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गप्प बसलो असतो. पण गावात गोष्ट पसरली. भाचीच्या हळदीत कुणीतरी बेबीबाईला खुर्ची देताना म्हणालं, "देखीसन बस वं, पाय घसाई जातीन खुर्चीना." बायका हसल्या. ती पण हसली. त्या दिवसापासून तिने एक भाकरी कमी केली. हिलालला ताटात ते दिसत होतं. तो आमटी ओढत राहायचा.

मधल्या काळात माझे हाल विचारू नका. कुणी सांगितलं टायर उलटा चढवा, तर मला उलटा चढवला. आता गोटा कड बाहेर, आणि चांगली कड आत घासायला लागली. कुणी सांगितलं हवा कमी करा. कुणी सांगितलं उजवीकडे रेतीचं पोतं ठेवा. ठेवलं. दांडीकडे बघा असं एकानेही सांगितलं नाही. दांडी माझ्यापासून हातभर अंतरावर वाकडी होऊन लोंबतेय, आणि ही माणसं माझी हवा मोजताहेत.

मिरचीच्या बाजारात मात्र मजा झाली. पोती मोजून झाल्यावर बेबीबाई काट्यावर जाऊन उभी राहिली. काटेवाल्याने आकडा वाचला. मग ती खाली उतरली.

"नाना, आते तुम्ही चढा."

"माले कसाले?"

"चढा त खरं. लोक देखी ऱ्हायनात."

लोक खरंच बघत होते, त्यामुळे नानांना चढावं लागलं. आकडा बेबीबाईच्या वर गेला, चांगलाच वर. काटेवाला म्हणाला, "नाना, पोतं हातमा शे का?" सगळा बाजार हसला. परतीला नाना पुढेच बसले, कारण गुडघे दुखत होते. बेबीबाई मागेच.

तेव्हा माझ्या आत काहीतरी तुटलं. तार होती ती. नक्षी संपून माझ्या आतली तार दिसायला लागली होती. मी मनाशी म्हटलं, आज मी फुटलो तर मागे बसलेली बाई रस्त्यावर जाईल, आणि लोक म्हणतील, वजनाने फुटला. आळही तिच्यावर आणि जीवही तिचाच. नाही. हे मी होऊ देणार नाही.

आता ऐका, इथूनच कुणाचा विश्वास बसत नाही.

परतीला नंदुरबार सोडलं की चाकं सरळ करणाऱ्याचं दुकान आहे. ते दिसताच मी गाडीला डावीकडे ओढलं. हिलालने स्टेअरिंगला दोन्ही हात लावले. मी ओढलं. दगा नानांनी हात लावले. मी ओढलं. उजवा टायर म्हणाला, अरे वेडा झालास का. मी म्हटलं, गप, तू रुळाकडे बघ. मी एकट्याने, झिजलेल्या, तार निघालेल्या अंगाने गाडी सगळ्यांसकट ओढत रस्त्याच्या डाव्या कडेला नेली, दुकानाच्या दारातून आत शिरलो आणि मिस्त्रीच्या बरोबर समोर उभा राहिलो. मिस्त्रीच्या हातातला चहाचा पेला खाली पडला. तो मी वरच्या वर झेलला असता, पण हात नाहीत.

मिस्त्री गाडीखाली गेला आणि तिथूनच ओरडला, "दांडी पार वाकेल शे. कोठे आपटी?"

नानांनी आभाळाकडे पाहिलं. बेबीबाई मागून उतरली, पदराने नाक पुसलं आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

"काठीले," हिलाल म्हणाला. "होळीना सकाय. मी झोपी गयथू."

दांडी बदलली, चाकं सरळ झाली, मला काढून नवा टायर आला. मग बेबीबाईने पुढचं डावं दार उघडलं.

"नाना, तुम्ही मांगे बठा. रिकामा पोता उडी जातीन नही ते."

हिलालने पोत्यावर स्वतःचा गमछा घडी करून ठेवला, नानांच्या गुडघ्यांसाठी. घरी पोचल्यावर त्याने ओट्यावर बसलेल्या चार लोकांना न विचारताच सांगितलं, की चूक त्याची होती. त्या संध्याकाळी बेबीबाई पोटभर जेवली.

तर मित्रांनो, आता मी हिलालच्या अंगणात आडवा पडून असतो. माझ्यावर पाट टाकून बेबीबाई मिरच्या निवडायला बसते, आणि तुम्हांला सांगतो, तिचं वजन मला मुळीच जाणवत नाही. तुमच्या घरी गाडी असेल तर तिच्या पुढच्या टायरची आतली कडही वाकून बघा. हात फिरवा. एक कड गोटा आणि एक नवी दिसली तर घरातल्या माणसांची वजनं करू नका, दांडी बघा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ती काहीतरी सांगतेय. आणि प्रत्येक गाडीला माझ्यासारखा शूर, स्वतःहून डावीकडे वळून दुकानात नेणारा टायर मिळेलच असं...

"दुकान उजव्या हातले शे," माझ्यावर मिरच्या निवडत बसलेली बेबीबाई म्हणाली. "मांगेतीन गाडीना टप मी ठोका, हात सुजे तवलोंग, तव्हय त्यासनी गाडी वळाडी. तू ते नुसता घसाई ऱ्हायंता."