आईचे बावीस सेकंद

"ती पिवळ्या साडीतली बघा, ताई! मागं उभीय ती! म्हणायलीय, चप्पल टोचतीय मेली, कधी संपायचं हे!" भगवंतराव ओरडले.

त्यांच्या घरातल्या टीव्हीचा आवाज पूर्ण बंद होता. पडद्यावर कुठल्याशा मालिकेतलं लग्न चाललं होतं. नायिका रडत होती आणि तिच्यामागे गर्दी म्हणून उभ्या केलेल्या बायांपैकी एकीचे ओठ पुटपुटत होते. मी आ वासून बघत राहिले. अशा मालिकांवर मी पानंच्या पानं लिहिली आहेत, पण त्या बाईला मी आजवर माणूस म्हणून पाहिलंच नव्हतं.

भगवंतराव मूळचे जालन्याकडचे. इथे सुरतेत, पर्वत पाटियाजवळच्या यंत्रमागाच्या कारखान्यात एकतीस वर्षं माग चालवतात. तिथल्या खडखडाटात शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कामगार एकमेकांच्या ओठांकडे बघूनच बोलतात. धागा तुटला, चहा आला, मुलगी झाली, सगळं ओठांवर. एवढ्या वर्षांत त्यांचे कान गेले आणि डोळे तयार झाले. स्वतःचा आवाज किती मोठा लागतो याचा मात्र त्यांना पत्ता नसतो. ते घरात मीठ मागतात ते चार घरं पलीकडे कळतं.

हे मला त्यांच्या बायकोनं, चंपाबाईंनी सांगितलं. त्या आमच्याकडे पोळ्या करतात. "आमचे हे आवाज बंद करून शिरेल बघतात अन् मलाच गोष्ट सांगतात," असं त्या सहज म्हणाल्या आणि माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

कारण सांगते. मी कादंबऱ्या लिहिते. दोन लिहिल्या, त्या फार कोणी वाचल्या नाहीत. पण पुण्याच्या एका मासिकात लोकांच्या करमणुकीवर माझं सदर असतं, ते मात्र वाचतात, वर भांडायलाही येतात. गेल्या अंकात मी लग्नाच्या जुन्या कॅसेटींची टर उडवली होती. मूळ आवाज पुसायचा आणि वर सिनेमातली गाणी चिकटवायची, ही काय आवड म्हणायची, असं मी लिहिलं. नाकानं कांदे सोलायला माझं काय जातंय! अशीच एक कॅसेट माझ्याही कपाटात आहे, हे तेवढं लिहिलं नाही. त्यात माझी आई बावीस सेकंद बोलते, आणि वर सनई-ढोलाचं गाणं वाजतं.

मी सुरतेच्या गुजराती मुलाशी लग्न करणार म्हटल्यावर आईनं माझ्याशी बोलणं टाकलं होतं. लग्नाच्या दिवसापर्यंत तब्बल सतरा दिवस. नाशिकला लग्न झालं, तेही बाबांच्या हट्टामुळे. आठ महिन्यांनी आई गेली. मधे दोनदा भेटलो, पण तेव्हाही बोललो नाही; ती हट्टी आणि मी तिची मुलगी. त्या बावीस सेकंदांत ती मला शिव्याच देत असणार, असं मी सव्वीस वर्षं धरून चालले आहे. तरी खात्री नव्हती.

"भगवंतराव, एक बघाल का?" मी त्यांच्याकडे तोंड करून विचारलं आणि ती कॅसेट उतरवून घेतलेला पेन ड्राइव्ह पुढे केला.

पाठवणीचा प्रसंग आला. मी गाडीत बसलेली. बाहेर आई आणि तिची बहीण, माझी मावशी. आईचा चेहरा थेट कॅमेऱ्याकडे.

भगवंतराव पुढे सरकले. एकदा बघितलं. मागे नेऊन पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदा बघताना त्यांचे स्वतःचे ओठ आईच्या ओठांबरोबर हलायला लागले. इतकी वर्षं मुकी झालेली माझी आई एका अनोळखी माणसाच्या तोंडावर बोलत होती.

"अक्का!" ते गरजले. "घाटात गार वारं लागंल! तिचा डावा कान ठणकतो! ह्यांचा मफलर घे, गुंडाळ तिच्या कानाला!"

समोरच्या घरातली बाई दारात आली. चंपाबाई घाईघाईनं नवऱ्याला हात करून म्हणाल्या, "अवं, हळू! समदी गल्ली ऐकायलीय!"

"ऐकू द्या," मी म्हटलं.

माझा डावा कान लहानपणापासून दुखायचा. हे भगवंतरावांना कुठून माहीत असणार?

"अजून हाय!" ते म्हणाले. "मी दिला म्हणून सांगू नको! माझं नाव ऐकलं तर घ्यायची नाही ती!"

पडद्यावर मावशी गाडीजवळ आली आणि तिनं बाबांचा तपकिरी मफलर माझ्या डोक्याभोवती गुंडाळला. नवरीच्या शालूवर मफलर! माझ्या केसांची वाट लावली म्हणून मी मावशीवर किती चिडले होते. पुढे तिला कितीदा बोलून दाखवलं. ती नुसती हसायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली, पण बहिणीला दिलेला शब्द तिनं शेवटपर्यंत पाळला.

"मग? घेतला ना तुम्ही?" भगवंतरावांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. मी तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. नुसते ओठ हलले. घेतला, आणि वाटेत सापुताऱ्याला, घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवर काढून बाकावर टाकून दिला, नवऱ्यासमोर ध्यान दिसू नये म्हणून.

त्यांना सगळं कळलं. पुन्हा विचारावं लागलं नाही. चंपाबाई गोंधळून माझ्याकडे आणि त्यांच्याकडे बघत होत्या.

भगवंतराव उठून जवळ आले. मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सापुताऱ्यापर्यंत तर कान झाकला होता ना? मग झालं की, बाई! तेवढा घाट तर आईनं पार करून दिला!"