नकाशाची कापलेली कड

मित्रांनो, मला कुणी जुना म्हटलं की राग येतो. पण खोटं कशाला बोलू, मी ग्रंथालयातला एक जुना स्कॅनर आहे. दुकानात टेबलावर ठेवतात तसला चिमुकला नव्हे. माझी काच जेवणाच्या टेबलाएवढी, झाकण उचलायला दोघं लागतात आणि पोटात माझा स्वतःचा छोटा संगणक. कारखान्यातून मला इथे आणलं तेव्हा मी दारातून आत शिरेना, म्हणून चौकट काढावी लागली होती. एवढा मान इथे दुसऱ्या कुणाला मिळाल्याचं मला ठाऊक नाही.

माझं काम सोपं, पण चिकाटीचं. हात लावला तर तुकडा पडेल अशी पिवळी वर्तमानपत्रं, फोटो, नकाशे माझ्या काचेवर पालथे घालायचे. मी त्यांच्याखालून माझा दिवा हळूहळू फिरवायचो आणि चित्र पोटात साठवायचो. मग ग्रंथालयाचा मोठा संगणक त्या चित्रातली अक्षरं वाचून ठेवी. पूर्वी एका बातमीसाठी वाचक दिवसभर धुळीत शिंकत बसायचे. आता एक शब्द टाइप केला की ती नेमकी ओळ समोर. पडद्यावरच्या शहराच्या नकाशात एखाद्या जागेवर बोट ठेवलं की त्या जागेचे जुने फोटो, बातम्या, नकाशे सगळे रांगेत हजर. लोक म्हणायचे, संगणकाने शोधलं. मीही मनातल्या मनात म्हणायचो, अरे, पण त्याला भरवलं कुणी?

मला चालवायच्या त्या ताई. जिभेने तिखट, पण कागद असा उचलायच्या की झोपलेलं बाळच उचलताहेत. आणि त्यांच्यावर देखरेख करणारे आमचे ग्रंथपाल, म्हणजे सर. मनाने चांगले, पण टापटिपीचं भारी वेड! टेबलावरच्या पेन्सिलीही उंचीप्रमाणे लावायचे. फाटकी, डागाळलेली कड त्यांना बघवत नसे. मी काढलेलं चित्र मोठ्या संगणकात चढवण्याआधी ते स्वतः बसून त्याच्या चारी कडा सरळ रेषेत कापायचे.

"सर, कडेला कधी काही लिहिलेलं असतं हो," ताई एकदा म्हणाल्या होत्या.

"ताई, वाचकाला स्वच्छ पान द्यायचं की वाळवीची नक्षी?" सर म्हणाले आणि कापत राहिले. न कापलेली मूळ चित्रं माझ्या पोटात तशीच पडून राहिली. त्यांची आठवण पुढे कुणालाच उरली नाही.

मग नवं यंत्र आलं. वरून कॅमेऱ्याने टिपणारं, चटपटीत. सगळे त्याच्याभोवती गोळा झाले आणि मी भिंतीला लागलो. पुढे एक दिवस मला ढकलत वाचकांच्या संगणकांच्या शोधखोलीबाहेर, बोळात उघड्या दारासमोर आणून ठेवलं. भंगारवाला दुपारी येणार होता. इमारतीबाहेर जाणाऱ्या यंत्राचं पोट आधी रिकामं करायचं, असा नियम आहे. त्यात चूक काही नाही. कोणत्या वाचकाने काय मागवलं हे भंगारवाल्याच्या हाती का जावं? सकाळीच सरांनी सांगितलं, ताईंनी बटण दाबलं आणि माझ्या छोट्या पडद्यावर पुसण्याची पट्टी सरकू लागली. आधी वर्तमानपत्रं गेली, मग फोटो. दुखत काही नव्हतं. फक्त एकेक खोली रिकामी झालेल्या घरासारखं आत पोकळ वाटत होतं.

तेवढ्यात अग्निशमन दलाचे अधिकारी चिखलाने भरलेल्या बुटांनी धाडधाड आत शिरले. एरवी सरांनी त्यांना पायपुसण्याकडे परत पाठवलं असतं. अधिकाऱ्यांच्या मागे एक बाई होती. पदर खांद्यावरून घसरलेला, पायात चप्पल एकच.

"जुन्या भुयारी गटाराचा नकाशा तुमच्याकडे आहे ना?" अधिकाऱ्यांनी विचारलं. "माणूस आत अडकलाय."

तो माणूस गटारदुरुस्तीचा मिस्त्री होता आणि ती बाई त्याची बायको. विटांचं जुनं गटार तपासायला तो आत उतरला असताना पाण्याची मोठी वाहिनी फुटली. माती खचून तोंड बंद झालं आणि आत पाणी भरू लागलं. तो कुठेतरी उंचावर चढून लोखंडावर ठोके देत होता. ठोके ऐकू येत होते, पण कुठून येताहेत ते कळेना. भुयारात आवाज घुमतो, सगळ्याच बाजूंनी आल्यासारखा वाटतो. पाणीखात्याकडे नव्या वाहिन्यांचे नकाशे होते, या जुन्या गटाराचा एकही नाही.

"मूळ नकाशा दुरुस्तीला परगावी गेलाय," सर म्हणाले. "पण संगणकात आहे. ताई, बसा."

ताईंनी पडद्यावर त्या गटाराच्या रस्त्यावर बोट ठेवलं. भराभर यादी आली. त्यात एक जुनी बातमी होती: गटाराला हवा खेळावी म्हणून घड्याळाचा मनोरा आणि दगडी पूल यांच्या मधे आणखी एक तोंड बांधलं आहे, वर लोखंडी झाकण आहे.

"दुसरं तोंड आहे!" अधिकारी जवळजवळ ओरडलेच. "कुठे? नेमकं कुठे?"

"थांबा, नकाशा लावते."

नकाशा भिंतीएवढा होता. माझ्या काचेवर मावेना, म्हणून आम्ही तो चार तुकड्यांत घेतला होता. ताईंनी मनोरा आणि पुलाच्या खुणा जुळवून ते चारही तुकडे आजच्या शहरावर पसरले. जुने रस्ते नव्या रस्त्यांवर बरोब्बर बसले. गटाराची तुटक रेघ मनोऱ्यापासून निघाली, घरांखालून वळली आणि एकाएकी संपली. मधे उभा पांढरा पट्टा होता. रेघ त्याच्यात शिरत होती आणि पलीकडून बाहेर पडत होती. झाकणाची खूण कुठेच नव्हती.

"हे पांढरं काय?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

पडद्यावर तो पट्टा बोटभर होता, पण जमिनीवर त्यात घरांच्या दोन रांगा आणि मधला रस्ता मावत होता. एवढं सगळं खणायचं तर दिवस गेला असता.

"कडा," सर म्हणाले. "तुकड्यांच्या कडा मी कापल्या. मधल्या उभ्या घडीवर फाटक्या होत्या... जुळणीसाठी लागतील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मित्रांनो, त्या वेळी माझी काय अवस्था झाली असेल ते तुम्हीच ओळखा. ती कड माझ्या पोटात होती! दाराच्या या बाजूला, हाकेच्या अंतरावर मी उभा होतो आणि मला तोंड नव्हतं. माझ्या पडद्यावर पट्टी पुढे पुढे सरकत होती. फोटो संपले होते. नकाशांची पाळी आली होती.

"असं कसं हो साहेब?" मिस्त्रीची बायको सरांना म्हणाली. ती रागावलीही नव्हती, तिला ते खरंच कळत नव्हतं. "एवढं सगळं शहर इथे दिसतंय. माझा माणूस जिथे आहे तेवढंच कसं नाही?"

सर एकदम ताईंकडे वळले.

"ताई, मूळ चित्रं! जुन्या यंत्रात मूळ चित्रं तशीच असतील!"

ताईंचा हात तोंडावर गेला. "सर, ते यंत्र सकाळपासून पुसायला लावलंय. तुम्हीच तर..."

पुढचं वाक्य खुर्च्यांच्या आवाजात बुडालं. सगळे धावत बोळात आले. सरांनी तर वाटेतल्या पुस्तकांच्या गाडीला अशी धडक दिली की पुस्तकं विखुरली, आणि त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"वायर उपटा!" अधिकारी म्हणाले.

"नको!" ताई ओरडल्या. "पुसत असताना वीज गेली तर पुन्हा काहीच उघडणार नाही. नीट थांबवायला हवं." त्यांनी माझं थांबण्याचं बटण दाबलं.

आणि मी काय केलं? मला बनवणाऱ्याने शिकवलं होतं तेच. पडद्यावर प्रश्न उमटला: 'नक्की थांबवायचं आहे का?'

"हो रे बाबा, हो!" ताईंनी पुन्हा दाबलं. त्यावर माझा पुढचा निरोप: 'कृपया थांबा.' स्वतःचाच एवढा संताप मला कधी आला नव्हता. हातातलं चित्र पुरतं पुसल्याशिवाय मला थांबताच येत नव्हतं. ते चित्र त्याच गटाराच्या नकाशाचं होतं. पहिला तुकडा आधीच गेला होता. दुसरा जात होता. माझ्या पोटातलं चाक करकरत होतं आणि चार माणसं श्वास रोखून त्या पट्टीकडे बघत होती. अधिकाऱ्यांचा फोन वाजला. त्यांनी कानाला लावला, ऐकलं आणि हळूच म्हणाले, "ठोके बंद झालेत."

बाई मटकन खाली बसली. आधारासाठी तिने हात टाकला तो भंगारासाठी झाकण उतरवलेल्या माझ्या काचेवर. इतकी वर्षं त्या काचेवर कागद पडले, माणसाचा तळवा असा कधी पडला नव्हता. माझ्या जिवाचं पाणी पाणी होत होतं.

पट्टी थांबली.

ताईंनी यादी उघडली. पहिले दोन तुकडे नव्हते. ते डाव्या बाजूचे होते. उजवीकडचे दोन मात्र शाबूत होते.

"चालेल," सर पुटपुटले. "जुळणीची कड दोन्ही बाजूंच्या चित्रांत आलेली असते. उजव्या तुकड्याची डावी कड बघा, ताई. लवकर!"

चित्र वरून खाली, ओळीओळीने उघडू लागलं. म्हातारपणामुळे मला भरभर दाखवता येत नाही. आधी फाटकी किनार आली, मग वाळवीची भोकं, मग कुणाच्यातरी चहाचा डाग. सरांनी ज्याला ज्याला घाण म्हणून कापलं होतं ते सगळं त्यांच्यासमोरून एकेक करून जात होतं. मग गटाराची तुटक रेघ आली. आणि तिच्या वळणावर, डागाच्या अगदी शेजारी, एक काळा चौकोन.

"झाकण!" ताई म्हणाल्या. पेनड्राइव्हवर चित्र घेऊन त्या धावत आत गेल्या, चित्र आजच्या शहरावर बसवलं आणि तिथूनच ओरडल्या, "लाकडाच्या वखारीचं मागचं अंगण! विहिरीच्या आणि कुंपणाच्या मधे!"

अधिकारी फोनवर तेच शब्द पुन्हा पुन्हा सांगत धावत सुटले. बाईही उठली, पण ताईंनी तिला धरून ठेवलं. "तिथे आता फक्त गर्दी व्हायची. इथे फोन येईल, माझ्याजवळ बसा." मग त्यांनी तिची एकच चप्पल पाहिली आणि आपल्या पायातल्या काढून तिच्यापुढे सरकवल्या. तेवढ्यात भंगारवाला हातगाडी घेऊन आला. सरांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

वाट बघणं किती लांबलचक असतं हे मला त्या दिवशी कळलं. वखारीतले ओंडके हलवायचे, माती उकरायची, गंजलेलं झाकण तोडायचं. सर बोळात येरझारा घालत होते. पडलेली पुस्तकं उचलावीत असं त्यांच्या मनातही आलं नाही. शेवटी बाईसमोर येऊन ते उभे राहिले.

"वहिनी, त्यांना काही झालं तर तो दोष माझा," ते म्हणाले.

तिने वर पाहिलं. "आधी त्यांना येऊ द्या, साहेब. मग कुणाचा ते बघू."

फोन वाजला. ताईंनी उचलला आणि ऐकला. मग त्यांनी जोरजोरात होकाराची मान हलवली. बाईने फोन हिसकावून घेतला. पलीकडून खोकल्याचा आवाज आला, पुष्कळ वेळ नुसता खोकलाच. मग कुणीतरी घोगऱ्या आवाजात विचारलं, "घाबरलीस का गं?" पाणी गळ्याशी आलं होतं आणि हातातली पहार सुटून पडली होती, म्हणून ठोके बंद झाले होते.

ती रडली, हसली आणि त्याला मनसोक्त रागावली. मी तर आयुष्यात इतकं गोड रागावणं ऐकलं नाही.

मित्रांनो, मला भंगारात कुणी दिलं नाही. सर आता कडा कापत नाहीत. संगणकातली आधी कापलेली चित्रं तपासताना त्यांना एक गोष्ट मात्र छळते. त्या सकाळी पुसलेल्या चित्रांच्या कडा कायमच्या गेल्या. ज्यांचे मूळ कागद शिल्लक आहेत त्यांची चित्रं ताई पुन्हा घेताहेत. पण कितीतरी वर्तमानपत्रांचा कधीच भुगा झाला आहे.

मिस्त्री बरा होऊन बायकोबरोबर ग्रंथालयात आला, तेव्हा ताईंनी त्याला तो काळा चौकोन दाखवला. ज्या कडा पुसल्या गेल्या त्यांचंही सांगितलं.

"आणि ज्या कडा गेल्या, त्यांच्यात काय होतं?" त्याने विचारलं.

"काही खास नसेल," सर कसेबसे म्हणाले. "कडेलाच तर होतं."

"साहेब, मीही कडेलाच होतो," मिस्त्री म्हणाला.

मलाही दुसरं काही सांगायचं नाही. तुमच्या घरी आजोबांचं पत्र असेल, शाळेचा जुना फोटो असेल, त्याचं चित्र जरूर काढा, म्हणजे कधीतरी कुणीतरी ते शोधू शकेल. आणि काढाल तेव्हा एवढं करा, डाग दिसले तरी कडा ठेवा.