तुळसाचं कोडं

“परत लावा ताई. शेवटच्या वळीपासनं.”

वैदेहीने माउस सरकवला आणि शेवटची ओळ पुन्हा वाजवली. महाडच्या एसटी स्टँडसमोरच्या तिच्या सायबर कॅफेत दुपारचं दुसरं कुणी नव्हतं. टोपी मांडीवर घेऊन, कानांवर हेडफोन चढवून चांगू बसला होता. पडद्यावर जरीचा फेटा बांधलेला एक शाहीर मुंबईच्या कुठल्याशा हॉलात छाती फुगवून गात होता, ‘सोनबा पुसे कोडं, सोनबा गाय!’

चांगूने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “बघा! कोडं माज्या बायकोचं, आन् नाव लावतोय ह्यो! लाज हाय का ह्याला?”

चांगू पोलादपूरच्या वरच्या अंगाला बोरवाडीत राहायचा. पोटासाठी भात आणि नाचणी, आणि जिवासाठी शक्ती-तुरा. आता शक्ती-तुरा म्हणजे काय ते इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, तरी सांगतो. गौरी-गणपतीत दोन बाऱ्या, म्हणजे गाणाऱ्यांचे दोन संच, समोरासमोर उभ्या राहतात, एक शक्तीवाल्यांची, एक तुरेवाल्यांची. एकीच्या शाहिराने गाण्यातून कोडं घालायचं, दुसरीच्याने गाण्यातूनच ते फोडायचं. नाही फुटलं तर पुढच्या गौरीपर्यंत मुदत. तेव्हाही नाही जमलं तर घालणाऱ्याने आपणच उत्तर गायचं आणि हरलेल्याने त्याच्या हाती नारळ द्यायचा. कागद नाही, शिक्का नाही. पुढ्यात बसलेला गाव हाच साक्षीदार.

चांगू शक्तीवाल्यांचा शाहीर. गळा त्याचा, पण कोडी रचायची त्याची बायको तुळसा. बाईमाणसाने बारीत उभं राहायची तेव्हा रीत नव्हती. ती चुलीपुढे बसून रचायची आणि चांगू गोठ्यात घोकायचा. हे कोडंही तिचंच :

‘दारातून निघाली, उंबरा वलांडला नाय,
नदीपार गेली, पाय भिजला नाय,
डोंगर चढली, दम लागला नाय,
रिकामी आली तर घास खाल्ला नाय,
सांग रं शाहिरा, ही कोन बाय?
तुळसा पुसे कोडं, चांगू गाय!’

कितीतरी वर्षांपूर्वीच्या एका गौरीला चांगूने ते गायलं, तेव्हा समोर तुरेवाला होता हाच सोनबा. पहाट होईस्तोवर डोकं खाजवत बसला आणि मुदत मागून उठला. पण पुढची गौरी तुळसाने पाहिलीच नाही. माघात ताप आला, डोक्यात गेला, आणि पोलादपूरला न्यायच्या आत सगळं आटोपलं. चांगू त्यानंतर बारीत उभा राहिला नाही. सोनबा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. उत्तराचं कडवं चांगूच्या छातीत राहिलं, आणि त्याला ते विचारायचं धाडस वाडीत कुणी केलं नाही.

मूलबाळ नव्हतं. तुळसाचा एक फोटोसुद्धा नव्हता. जगात तिचं नाव उरलं होतं ते त्या एका ओळीत. परवा शिमग्याला पुतण्या सुनील मुंबईहून आला आणि मोबाइल नाचवत म्हणाला, “काका, तुमचा गाना नेटवर फेमस झालाय!” तेव्हा म्हातारा आधी हरखलाच. मग शेवटची ओळ ऐकली. त्या रात्री त्याच्या घशाखाली घास उतरला नाही.

“ताई, माजं नाव नसंल तरी चालंल. तिचं पायजे.”

वैदेहीने व्हिडिओ थांबवला. “काका, तक्रार पाठवता येते. पण तिकडून उत्तर कधी येईल, येईल की नाही, देव जाणे.”

“पन ह्यानं लावलं तवा ह्याला कुनीच कसं इच्यारलं नाय?”

“तिथे विचारतच नाहीत. कुणीही व्हिडिओ टाकावा, आणि त्याच्याखाली कुणीही लिहावं.”

“कुनीबी?”

“कुणीही.”

“म्हंजे मीबी?”

वैदेहीने खुर्ची पुढे ओढली. “सांगा. मी लिहिते.”

चांगूने सांगितलं, तिने लिहिलं : हे कोडं बोरवाडीच्या तुळसाचं आहे. नाव लावावं.

पुढच्या बाजाराला चांगू आला तेव्हा त्याखाली जत्रा भरली होती. कुणी लिहिलं होतं, ‘पुरावा काय?’ कुणी, ‘आजोबा, झोपा आता.’ कुणी, ‘गाणं गाजलं की बाप फार निघतात.’ वैदेहीला वाचून दाखवताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगू मात्र पडद्याकडे आणखी झुकला.

“आनखी काय लिवलंय?”

“बाकी लोक कोडं सोडवतायत. सावली. वारा. चांदणं. एक टवाळ म्हणतो, मोबाइलची रेंज.”

“रेंज!” चांगू खो खो हसला. “तुळसा आसती तर त्याला दोन लाडू जास्ती दिलं आसतं. पन चूक. समदं चूक.” आणि हसता हसता एकदम थांबला. “ताई, ह्या समद्यांत सोनबानं काय उत्तर लिवलंय?”

“त्याने काहीच नाही लिहिलं.”

“लिवनार कुठनं? त्याला म्हाईतच नाय! आवो, ह्यो अजून माज्या मुदतीत हाय!” त्याने टोपी डोक्यावर चढवली. “मलाबी त्या पडद्यात घाला. पुरावा मागत्यात काय? बारीत पुरावा नसतो. बारीत सवाल असतो.”

पण कॅमेऱ्यात घालणं सोपं आणि नेटवर चढवणं महाकठीण. पहिल्या दिवशी निम्मा व्हिडिओ चढला आणि लाइट गेली. दुसऱ्यांदा लाइट होती तर लाइन बंद. वैदेही वैतागून म्हणाली, “काका, तुम्ही जा, मी करते सावकाश.” चांगू हलला नाही. बाकड्यावर बसून राहिला, शेवटची एसटी चुकली तर स्टँडवर झोपला, सकाळी दात घासून पुन्हा दारात हजर. हट्टाला पेटला होता गडी! तिसऱ्या खेपेला व्हिडिओ चढला. त्यात चांगू एवढंच म्हणत होता, “राम राम सोनबा. कोडं तुजं हाय म्हनतोस, तर फोड. गाव ऐकतोय.”

आणि गाव ऐकत होता! मुंबई, ठाणे, सुरत, पार दुबईपर्यंत पांगलेली महाड-पोलादपूरची माणसं सोनबाच्या गाण्याखाली येऊन एकच विचारू लागली, शाहीर, उत्तर? सोनबाने काही दिवस कळ काढली आणि मग लिहिलं, ‘सावली.’ लिहिलं आणि फसला. कुणी विचारलं, सावली डोंगर चढून रिकामी परत कशी येते? कुणी विचारलं, सावली जेवते काय हो शाहीर? एका बाईने तर लिहिलं, हे कोडं बाईचंच आहे, पुरुषाला घास न खाणारी बाई दिसते कुठे!

“आता तुमची पाळी,” वैदेही म्हणाली. पण कॅमेरा लावता लावता तिचा हात अडला. “काका, एक सांगू? आज हे कडवं फक्त तुमच्यापाशी आहे. एकदा टाकलं की परत घेता येत नाही. कुणीही उचलेल, कुणीही गाईल. उद्या पुन्हा कुणी तुळसाबाईंचं नाव कापेल.”

चांगूने टोपी काढून मांडीवर ठेवली. ते कडवं म्हणजे तुळसाशी त्याचं उरलेलं शेवटचं बोलणं होतं. रोज निजताना तो ते मनात म्हणायचा.

“कापू दे,” तो म्हणाला. “कापलं तर ही मान्सं खाली लिवतील की. आन् माज्या छातीत ठेवून काय? मी गेलो की तीबी गेली. लावा.”

आणि चांगूने गायलं. डोळे मिटून, टेबलावर बोटांनी ठेका धरून :

‘उंबऱ्यात तुळसा हुबी, घातली तिनं हाक,
नदीपार शेतावर पोचली तिची हाक,
“ओ” घेऊन आली तर दोन ताटं वाढ,
रिकामी आली तर तवा खाली काढ.’

वैदेहीने बटण बंद केलं. “हाक!”

“आमचं शेत नदीपार,” चांगू म्हणाला. “ती सांजची दारातनं हाक मारायची. मी ‘ओ’ दिली की भाकर टाकायची. कवा मी लांब रानात आसलो, ऐकू आलं नाय, तर तशीच बसायची उपाशी. खुळी व्हती.”

चार दिवसांनी सोनबाचं गाणं नेटवरून नाहीसं झालं. ना माफी, ना नारळ, ना तुळसाचं नाव. वैदेहीने मुद्दाम वाडीतल्या दुकानात फोन करून कळवलं, “काका, जिंकलात!”

“पळाला त्यो,” चांगू म्हणाला. “पळाल्याला हारला म्हनत नायत. त्यानं नाव घ्यायचं व्हतं.” आणि फोन ठेवून दिला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा नदीवर अंधार उतरत होता. चूल पेटवली, एका माणसापुरतं पीठ परातीत घेतलं. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून आवाज आला. समोरच्या वाडीतल्या येसूबाईची नात शेरडं हाकत घरी निघाली होती आणि मोठ्याने गात होती. सुनीलच्या मोबाइलवरून त्या वाडीतल्या पोरांच्या मोबाइलवर ते कडवं कधीच पोचलं होतं. तिला वाटलं असेल, कोण ऐकतंय!

‘उंबऱ्यात तुळसा हुबी, घातली तिनं हाऽऽक…’

चांगू परात सोडून उठला, पिठाच्या हातांनीच दारात आला आणि सगळा जीव गोळा करून ओरडला, “ओऽऽ!”

पलीकडचं गाणं क्षणभर थबकलं, मग पोरगी खिदळली आणि पुन्हा गाऊ लागली. चांगू आत आला. परातीत आणखी एक मूठ पीठ टाकलं आणि फळीवरून दोन ताटं काढली.