कॅबिनेटची सात जादा भोकं

वहिनींनी आणलेलं कॅबिनेट तिसऱ्यांदा सुटं करून मी टेबलावर पसरलं आणि स्वतःवरच चिडलो. वीस वर्षं हेच काम करतोय मी. लोक कॉम्प्युटरची रिकामी कॅबिनेटं पाठवतात, मी त्यांत अख्खं मशीन जोडतो, तापवतो, मोजमापं घेतो आणि घाऊक व्यापाऱ्याला लिहून देतो: घ्या, किंवा नका घेऊ. एवढ्या वर्षांत पत्र्याच्या एका डब्याने माझ्या डोक्याचा असा भुगा कधी केला नव्हता.

त्यातून हा डबा घरचा. माझा थोरला भाऊ, दादा, पत्र्याचं वर्कशॉप चालवायचा. दुसऱ्यांची कपाटं आणि पेट्या करता करता त्याच्या मनाने घेतलं की आपलं स्वतःचं कॅबिनेट काढायचं. जोडायला सोपं आणि ज्यांना विकतच्या डब्यावर समाधान नसतं, कापाकापी, रंगरंगोटी, मॉडिंग केल्याशिवाय चैन पडत नाही, त्यांच्यासाठी खास. आजारपणात अंथरुणावर बसून त्याने ड्रॉइंग पुरं केलं आणि आठ महिन्यांपूर्वी तो गेला. पुढचं सगळं वहिनींनी अंगावर घेतलं. आज पाचपर्यंत माझा रिपोर्ट गेला आणि त्यात 'घ्या' असलं, तर दोनशे नगांची ऑर्डर मिळणार होती. नाहीतर वर्कशॉप बंद. तसं त्यांनी कामगारांना सांगूनही टाकलं होतं.

"नात्याकडे बघून काही लिहू नका हं भावजी," डबा ठेवताना त्या म्हणाल्या होत्या. "ह्यांना ते खपलं नसतं."

नात्याकडे बघायची गरजच नव्हती. पत्रा जाड, कडा आत वळवलेल्या, बोटाला एक ओरखडा नाही. मागे वायरी दडवायला दोन बोटं जागा. तळाची जाळी ओढली की हातात येते, झटकली की झालं. आणि एकही रिव्हेट नाही, सगळे स्क्रू. म्हणजे मॉडिंगवाल्याने मनात आणलं तर सगळा डबा पाच मिनिटांत सपाट. दोन तास मशीन पळवलं तरी आतली हवा बेताचीच गरम. मी 'घ्या' लिहायला पेन उचललंसुद्धा होतं.

घोडं अडलं ते सात भोकांवर. ज्या पत्र्यावर मदरबोर्ड बसतो त्यावर नेहमीची भोकं होतीच, सगळी मापात. त्याशिवाय ही सात. ना रांगेत, ना गोलात. दोन जवळजवळ, एक लांब कोपऱ्यात, बाकीची वाट चुकल्यासारखी. बरं, चुकून पडली म्हणावं तर प्रत्येकात हाताने आटे पाडलेले. म्हणजे इथे स्क्रू यावा असं कुणाला तरी मनापासून वाटलेलं.

कशासाठी? मी लहानमोठे चार बोर्ड लावून बघितले. हार्डडिस्कची पट्टी, पाण्याचा पंप, जड ग्राफिक्स कार्डाला खालून द्यायचा टेकू, जे जे कपाटात होतं ते ते लावलं. एका भोकाला बसलं की दुसऱ्याला बसेना. पत्रा उलटा धरला. एकदा तर पाच भोकांना दोरा बांधून बघितला, आणि मग आपण काय करतोय हे लक्षात येऊन तो कुणी पाहायच्या आत काढून टाकला.

डोळेझाकही करता येईना. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली छोटे पितळी खुंट बसवतात. सातांपैकी एका भोकात कुणी खुंट बसवला असता तर तो बोर्डाच्या पाठीला नको तिथे टेकला असता आणि बोर्ड जळला असता. भोकं कशाची ते कळल्याशिवाय 'घ्या' लिहिणं शक्य नव्हतं. काढून टाका म्हणायलाही जीभ रेटेना, कारण दादा उगाच भोक पाडणारा माणूस नव्हता. काहीतरी असणार, आणि ते समजण्याइतकी अक्कल आपल्याला नाही, असंच मला वाटत राहिलं. लहानपणापासून त्याच्यापुढे मला हेच वाटत आलंय.

तीन वाजता मी हात टेकले आणि वहिनींना फोन लावला.

"ती सात भोकं कशाला आहेत?"

"अगंबाई! मला वाटलं, ते तुम्ही सांगाल."

"मी?"

"मला कुठलं कळायला? तुम्हाला बघताक्षणी कळेल म्हणून तर निर्धास्त होते."

"मूळ ड्रॉइंग घेऊन या," मी म्हणालो. जरा जोरातच म्हणालो असेन.

अर्ध्या तासात त्या आल्या. हाताला वंगण तसंच होतं. मशीनवरून उठून आल्या असाव्यात.

"आमच्याकडे ठिपका म्हणजे भोक," कागदाची गुंडाळी सोडत त्या सांगू लागल्या. "ह्यांचा नियमच होता. ठिपका दिसला की पाडायचं, कशाला म्हणून विचारायचं नाही. विचारलं की दिवसभर बोलणी खा. मी एकेक ठिपका मोजून पत्र्यावर उतरवला. ह्या सातांना आटे मी स्वतः पाडलेत. दोन दिवस लागले."

कागद मी खिडकीपाशी नेला. दादाच्या रेघा ओळखीच्या होत्या. त्याचे ठिपके टोकदार, टाचणीच्या डोक्याएवढे. हे सात मात्र फुगलेले होते, शाई आजूबाजूला पसरलेली. आणि प्रत्येकाकडे एक केसासारखी रेघ घसरत आली होती. रेघ नीट निघालेली, मध्येच लुळी पडलेली आणि शेवटी ठिपका.

एक ठिपका बघून काही कळलं नाही. दुसरा बघितला. तिसऱ्याला दादाच्या आजारपणातल्या दुपारी आठवल्या.

दुपारी वहिनी वर्कशॉपवर असायच्या तेव्हा दादाजवळ मी बसायचो. मांडीवर पाट, पाटावर कागद. तो बोलता बोलता थांबायचा. मान खाली जायची, पेन मात्र हातातच. ते कागदावर टेकून राहायचं.

आता हे सांगायचं कसं? ज्या बाईने नवऱ्याचा शेवटचा शब्द म्हणून दोन दिवस आटे पाडले, तिला म्हणायचं की त्यात काहीच नव्हतं? मला दादाचा राग आला, स्वतःचाही आला. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"वहिनी, ही भोकं नाहीत," मी म्हणालो. "दादाला डुलकी लागायची. पेन टेकलेलं राहायचं, शाई पसरायची. हे ते आहे. दुसरं काही नाही."

मला वाटलं आता त्या रडतील, नाहीतर मला वेड्यात काढतील.

"झोप लागायची?" त्यांनी विचारलं.

"हो."

"ह्यांना?"

"हो. रोज दुपारी."

वहिनी खुर्चीवर बसल्या. "रात्री छताकडे बघत पडलेले असायचे. झोपा ना म्हटलं की म्हणायचे, येत नाही गं. दोन महिने त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही, तसेच तळमळत गेले, असं मी धरून चालले होते. आठ महिने मला तेच दिसतंय." त्यांनी वंगणाचं बोट कागदाला न लावता एकेका ठिपक्यावर धरलं. "सात वेळा?"

"जास्त. पेन हातात नसताना लागलेल्या झोपा कागदावर कुठून येणार?"

तेव्हा मात्र त्या रडल्या. मी रिपोर्ट ओढून घेतला. काय करावं सुचत नसलं की मी लिहीत सुटतो. 'सात जादा भोकं ड्रॉइंग वाचण्यातली चूक, दोनशे नगांत नकोत. बाकी उत्तम. घ्या.' पाचला दहा कमी असताना तो पाठवून दिला आणि वहिनींना सांगितलं. ऑर्डरचं त्यांना काही पडलेलंच दिसेना.

"किती वेळ लागायची झोप?" त्या म्हणाल्या.

"दहा मिनिटं. कधी अर्धा तास. घोरायचासुद्धा."

"घोरायचे?"

"पाट हलायचा मांडीवरचा."

वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली.

"नीट सांगा," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून सांगा."